एका भाकरीचा हिशेब

लग्नसराईत आमच्याकडील मांडवात दोन भाषा एकाच वेळी नांदत असतात. वरपक्ष उदगीर-निलंग्याचा, वधूपक्ष भालकी किंवा हुमनाबादचा. मंगलाष्टके मराठीत आणि पंगतीतला आग्रह निम्मा कानडीत, हा येथील नित्याचा प्रकार. अशाच एका मांडवात काही वर्षांपूर्वी आमच्या एका मेहुण्यांनी आमच्या पोटावर दृष्टी रोखून चारचौघांत विचारले, “काय ओ दाजी, सिगारेट सोडलाव म्हणं? मग हे काय धरलाव?” मांडव हसला. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री घरी परतताना आम्ही कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी थांबलो आणि चार महिन्यांच्या खंडानंतर पहिली सिगारेट पेटविली.

त्या चार महिन्यांत तलफेने आम्हांला पुष्कळ छळले होते. तिला आम्ही दाद दिली नव्हती. आम्हांला हरविले ते पाटलोणीच्या कमरेने. पुढे दोन वर्षांनी पुन्हा सोडली, ती मात्र सुटली. या दोन प्रयत्नांच्या मध्ये आम्ही जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि स्वतःच्या देहावर अनुभवले, ते येथे मांडावे असे वाटण्याचे कारण एवढेच की, आमच्या परिचयातील निदान चार-पाच गृहस्थ आजही हेच सांगतात : “सोडायची आहे हो, पण वजन वाढतं म्हणतात.” घरची मंडळी त्यावर “काही वाढत नाही” असे दडपून सांगतात. तो माणूस सोडतो, त्याचे वजन वाढते, आणि आपल्याला फसविले गेले असे त्याच्या मनाने घेतले की विडीचे बंडल पुन्हा खिशात येते.

तेव्हा प्रथम खरे तेच सांगून टाकू. वजन वाढते. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोणत्याही औषधाच्या मदतीवाचून धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे त्यात दिसून आले. परंतु त्याच आढाव्यातील दुसरी गोष्ट तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. शंभरांतील सोळा जणांचे वजन उलट कमी झाले होते आणि तेरा जणांचे दहा किलोंहून अधिक वाढले होते. म्हणजे सरासरी ही सरासरीच. प्रत्येकाच्या कपाळी पाच किलो लिहिलेले आहेत असे मुळीच नाही.

हे वजन येते कोठून? याचा उलगडा झाल्यावाचून त्याला आवरणे कठीण. तंबाखूतील निकोटिन रक्तात गेले की शरीरात अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सुटतात, नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी जलद होते आणि चयापचयाची भट्टी विनाकारण फुंकली जाते. १९८६ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे संशोधकांनी काही धूम्रपान करणाऱ्यांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजला. दिवसाला २४ सिगारेटी ओढल्या तेव्हा तो खर्च न ओढलेल्या दिवसापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे २०० उष्मांकांच्या आसपास, अधिक भरला.

दोनशे उष्मांक म्हणजे किती, हे समजण्यासाठी आम्हांला स्वित्झर्लंडला जावे लागले नाही. आमच्या घरी थापली जाणारी ज्वारीची मध्यम भाकरी साठ ग्रॅम पिठाची. तिच्यातून मिळणारे उष्मांकही जवळजवळ तेवढेच. दिवसाकाठी वीस-बावीस सिगारेटींचा धूर एवढा खटाटोप करून एक भाकरी जाळीत होता! मग हा सारा हिशेब आम्ही भाकरीतच मांडू लागलो. पंचेचाळीस मिनिटे झपझप चालले की सत्तर किलोंच्या माणसाची एक भाकरी जिरते. दोन लहान चमचे साखरेच्या चहातील साखरेचे चाळीस उष्मांक धरले, तर असे पाच कप म्हणजे एक भाकरी, दूध निराळेच. आणि मूठभर, म्हणजे पस्तीसेक ग्रॅम, शेंगदाणे म्हणजे पुन्हा एक भाकरी. हा शेवटचा आकडा आमच्या भागात फार घातक आहे, कारण शेंगदाण्याची चटणी हे आमच्याकडे ‘तोंडी लावणे’ मानले जाते; ते खाण्यात धरण्याची पद्धतच नाही.

भट्टी मंदावणे हा हिशेबाचा निम्माच भाग. दुसरा भाग भुकेचा. मेंदूच्या तळाशी भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणारे केंद्र आहे. तेथील ‘पोट भरले’ असा निरोप देणाऱ्या पेशींना निकोटिन परस्पर चेतविते, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. म्हणजे विडी ओढणाऱ्याला न जेवताच जेवल्याचा खोटा निरोप मिळत असतो. सकाळी चहा-विडीवर शेतात किंवा कचेरीत जाऊन दुपारी दोनपर्यंत काही न खाणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तो निरोप थांबला की खरी भूक वर येते. शिवाय वर्षानुवर्षे धुराने बधिर झालेली जीभ आणि नाक काही दिवसांत जागी होऊ लागतात. आम्हांला नवव्या-दहाव्या दिवशी अंबाडीच्या भाजीवरच्या लसणाच्या फोडणीचा वास दाराबाहेर आला, आणि आपण इतकी वर्षे काय जेवत होतो असा प्रश्न पडला. त्या दिवशी आम्ही चार भाकऱ्या खाल्ल्या.

एका गोष्टीकडे मात्र वैद्यकीय पुस्तकांपेक्षा गृहिणींचे लक्ष अधिक लवकर जाते. सिगारेट ही जेवणाचा पूर्णविराम असते. हात धुतले, सिगारेट पेटविली, जेवण संपले. तो पूर्णविराम काढून घेतला की वाक्य लांबतच जाते. माणूस ताटावरून उठत नाही, थोडा भात, थोडे ताक, एखादा गुळाचा खडा असे चालू राहते. आमच्या सौभाग्यवतींनी हे आठवड्याभरातच हेरले. दुसऱ्या खेपेस त्यांनी पाटाशेजारी बडीशेपेची डबी ठेवली आणि आमचे शेवटचे ताक संपताच ताट उचलून नेण्याचा परिपाठ पाडला. मग चूळ, बडीशेप आणि अंगणात शतपावली. शतपावलीने फारसे उष्मांक जळत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ती दहा मिनिटे तलफेची असतात, आणि थोडेसे चालणेही तलफ बोथट करते हे प्रयोगांनीही दाखविले आहे.

पहिल्या खेपेस याच घराने आमचा घात केला होता, तोही प्रेमापोटी. सिगारेट सोडल्याचा आनंद म्हणून पहिल्याच दिवशी शिरा झाला, आठव्या दिवशी शेंगाची पोळी झाली, आणि आम्ही चिडचिड केली की “तोंडात काहीतरी टाका” म्हणून चिवड्याचा डबा पुढे येई. तोंडात काहीतरी हवे असते हे खरे. हातालाही काम हवे असते. परंतु ते काय असावे याचा विचार आधी करून ठेवावा, कारण तलफ आल्यावर विचार होत नाही. काकडी, गाजर, मुळा, हिवाळ्यात हिरवा हरभरा, वाटीभर साधे चुरमुरे, भाजलेला ओवा, लवंग, ज्येष्ठमधाची काडी : एवढ्यांवर आमचे तीन महिने गेले. मिरची-भजी आणि सुसला यांच्या गाड्यापाशी संध्याकाळी घोटाळणे मात्र बंद करावे लागले. कलबुरगीच्या माणसाला हा त्याग सिगारेटीच्या त्यागाहून लहान वाटणार नाही.

जेवणात आम्ही उपासमार केली नाही. सिगारेट आणि अन्न यांच्याशी एकाच वेळी युद्ध पुकारणारा बहुधा दोन्हींकडून मार खातो, असे आमचे मत झाले आहे. रिकाम्या पोटी तलफ दुप्पट वाटते. केले ते एवढेच की, भाकरी तीनाच्या ठिकाणी दोन, आणि रिकाम्या झालेल्या जागी वरण व पालेभाजी यांची एकेक वाटी अधिक. सुदैवाने आपण तुरीच्या कोठारातच राहतो; कलबुरगीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. डाळीतील प्रथिनांनी पोट पुष्कळ वेळ भरल्यासारखे राहते. ज्वारी आणि पालेभाजीतील चोथ्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो संकोच सोडून सांगितलाच पाहिजे. सकाळी विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी असंख्य पुरुषांची तक्रार असते. ती खोटी नाही. निकोटिन आतड्यांना ढकलते आणि ते थांबले की काही आठवडे मलावरोध होतो. केवळ एवढ्यासाठी पुन्हा विडी धरलेले लोक आम्हांला ठाऊक आहेत. पहाटे दोन पेले कोमट पाणी, भरपूर पालेभाजी आणि थोडी फेरी यांनी तीन-चार आठवड्यांत आतडी आपले काम पुन्हा शिकतात.

चहाविषयी आम्हांला एक गोष्ट फार उशिरा कळली. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करीत असते. धूर थांबला की हा निचरा मंदावतो आणि तेवढ्याच चहाने रक्तातील कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. छातीत धडधड, हातांना कंप, रात्री डोळ्याला डोळा नाही. माणसाला वाटते हा सिगारेट सोडल्याचाच त्रास, आणि तो शमविण्यासाठी तो आणखी एक चहा घेतो! आम्ही आठ कपांवरून चारावर आलो. झोप परतली, आणि भाकरीच्या हिशेबात पाऊण भाकरी आपोआप जमा झाली.

आता थोडे मागे जाऊ. आमच्या भागात तंबाखू हा आतिथ्याचा भाग होता. हैद्राबाद संस्थानाच्या दिवसांपासून बैठकीत पानाचे तबक आणि त्यासोबत विडी किंवा हैद्राबादेत तयार होणारी चारमिनार पुढे करणे हा शिष्टाचार होता, आणि नको म्हणणारा घमेंडखोर ठरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. वेळा अमावस्येची आंबील, ज्वारीची भाकरी आणि विडीचे बंडल मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखेच राहिले. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत कर्नाटकातील प्रौढांपैकी २२.८ टक्के लोक तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरीत असल्याचे आढळले होते.

‘कोणत्या ना कोणत्या रूपात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वजनाच्या धास्तीने विडी सोडून गुटखा, चुन्यातली तंबाखू किंवा नुसती सुपारी धरणारे आम्ही पाहिले आहेत. “धूर तर नाही ना!” असा त्यांचा युक्तिवाद. निकोटिन तेच, व्यसन तेच आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट अधिक जवळची. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली दिला आहे. आणि भगिनींपैकी ज्या मिसरी लावतात त्यांनी हा लेख केवळ पुरुषांसाठी आहे असे समजू नये. मिसरीतूनही निकोटिन रक्तात जाते, आणि ती सोडल्यावर तशीच भूक व तीच चिडचिड होऊ शकते.

आमच्या गल्लीत एक शेतकरी गृहस्थ राहतात. सडसडीत देह, सपाट पोट. आमच्या ढेरीची थट्टा करणाऱ्यांत तेही होते. दिवसाला दोन बंडले विड्या. चाळिशीच्या आतच चालताना त्यांचे तळपाय भरून येऊ लागले, थांबले की बरे वाटे. ढेकळांतून चालण्याचा परिणाम म्हणून त्यांनी तेल चोळले. पुढे उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी बर्जर रोगाचे निदान केले. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. तरुण वयात विडी ओढणाऱ्यांत हा आढळतो, आणि तंबाखू पूर्ण थांबविल्याखेरीज त्याला दुसरा खरा उपाय नाही. एक विडीसुद्धा ओढलीत तर पाय वाचेल याची हमी नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन बोटे गेली. विडी त्या दिवशी सुटली आणि पाय राहिला. आज त्यांना आमच्याएवढीच ढेरी आहे आणि वेळा अमावस्येला ते स्वतःच्या पायांनी शेताला जातात.

त्यांच्या शेजारी बसून आम्ही प्रथमच दोन पारड्यांत दोन गोष्टी ठेवल्या. चार-पाच किलो वजन हा तोटा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. परंतु धूम्रपान सोडून एक वर्ष झाले की हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. वजन वाढल्याने हा लाभ वाया जातो काय, याचा अमेरिकेत मोठ्या लोकसमूहांवर अभ्यास झाला. २०१३ साली फ्रेमिंगहॅम येथील आणि २०१८ साली आणखी व्यापक अशा पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडल्यावर ज्यांचे वजन वाढले त्यांनाही हृदयाच्या बाबतीत लाभ झाला, आणि २०१८ च्या पाहणीत तर दहा किलोंहून अधिक वाढलेल्यांचाही मृत्यूचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांहून कमीच होता. त्या पाहणीत एक इशाराही होता : ज्यांचे वजन पुष्कळ वाढले त्यांच्यात मधुमेहाचा धोका पहिली पाच-सात वर्षे चढता राहिला, मग उतरला. ज्यांचे वजन वाढले नाही, त्यांच्यात तो वाढला नाही. म्हणून वजनाकडे पाहायचे ते पुन्हा पेटविण्याचे निमित्त म्हणून पाहू नये. साखरेच्या धास्तीने पाहावे. आणि धूम्रपान चालू ठेवल्याने मधुमेह टळतो म्हणावे, तर तेही खरे नाही. धूम्रपान करणाऱ्यांना तो होण्याची शक्यता इतरांहून तीस ते चाळीस टक्क्यांनी अधिक असते. सडपातळ दिसणाऱ्या धूम्रपीच्याही पोटात, आतड्यांभोवती, चरबी साचत असते.

याच कारणाने वजनकाट्यापेक्षा टेप बरी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. सोडण्याच्या दिवशी एकदा मापावी आणि मग महिन्याने. रोज काट्यावर चढणारा माणूस रोज खचतो.

चालण्याविषयी फार सांगण्याजोगे नाही, भाकरीएवढे चालावे. कलबुरगीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्योदयापूर्वीची वेळच खरी. शरणबसवेश्वर तलावाकाठी त्या वेळी सोबतही मिळते. बीदरकर पठारावरचे, त्यांना हवेची आणि किल्ल्याच्या परिसराची सोय देवानेच करून दिली आहे.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटिनचे चिंगम दोन आणि चार मिलिग्रॅमचे मिळते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागणाऱ्याला बहुधा चाराचे लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. ते चघळत राहायचे नसते. थोडे चावून तिखट लागले की गालात दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. आणि त्याच्या आधी पाव तास चहा घेऊ नये, नाहीतर तोंडाच्या त्वचेतून औषध शोषलेच जात नाही. हे घेत असेतो वजनाची वाढही पुढे ढकलली जाते, म्हणजे पहिल्या कठीण महिन्यांत एकच शत्रू समोर राहतो. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण धूर थांबल्यावर या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते. ज्यांना कोणाशी बोलावेसे वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेला विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे : १८००-११-२३५६. समोरचा माणूस नातेवाईक नसतो, हा त्याचा मोठाच गुण!

दुसऱ्या खेपेस सिगारेट सोडण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही आणखी एक गोष्ट केली, तिचे घरात पुष्कळ हसे झाले. आमच्या दोन चांगल्या पाटलोणी घेऊन आम्ही शिंप्याकडे गेलो आणि त्या कमरेत दोन-दोन बोटे सैल करावयास सांगितल्या. शिंप्याने टेप लावून पाहिली आणि म्हणाला, “मास्तर, आता तर बरोबर बसत्यात की.” आम्ही म्हटले, “तीन महिन्यांनी बसणार नाहीत.” वजन साडेतीन किलो वाढले. पुढे कोणत्याशा बारशाला मेहुण्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांना आम्ही शिंप्याची गोष्ट सांगितली. वर्षाअखेरीस दोन किलो उतरले. एक पाटलोण आम्ही पूर्ववत करून आणली. दुसरी अजून सैलच आहे, सणावाराच्या जेवणाला नेसतो.